भाताविना पंदी

‘शुगर निघाली’ हे दोन शब्द घरात शिरले की पहिली कुऱ्हाड पडते ती रविवारच्या रश्श्यावर. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, भात कमी करा, गोड बंद करा. घरी येईपर्यंत त्याचं होतं, “आता मटण बंद, आणि डुकराच्या मटणाचं तर नावच नको.” मग रविवारी सगळी मंडळी रस्सा भुरकतात आणि घरातले आप्पा दुधीची भाजी आणि जोंधळ्याच्या दोन भाकरी घेऊन मुकाट्याने जेवतात. दोन-तीन आठवडे ते हे सोसतात, चौथ्या रविवारी चिडतात आणि सगळंच पथ्य सोडून देतात. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत पथ्य असंच मोडलेलं आहे. म्हणून आज आपण पोर्क शिजवायचं आहे. चवीत तडजोड नाही, कर्बोदकं मात्र कमी, आणि आप्पा सगळ्यांच्या पंगतीत.

आधी थोडा हिशेब, कारण सगळी मेख त्यातच आहे. मांसात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. असतात ती प्रथिनं आणि चरबी. शिजलेल्या भाताच्या मध्यम वाटीत (साधारण 150 ग्रॅम) मात्र सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं असतात. आणि भाकरी? “भाकरीनं साखर वाढत नाही” हा आपल्या भागातला पक्का समज. पण 60 ग्रॅम पिठाची जोंधळ्याची एक भाकरी घेतली तरी तीत 40 च्या आसपास कर्बोदकं असतात. तिच्यात तंतू जास्त, पोटाला आधार चांगला, हे अगदी खरं. पण दोन भाकरी म्हणजे 80 ग्रॅम झाली की नाही? आणि ज्या रश्श्यापासून आप्पांना लांब ठेवलं, त्यात कांदा-लसूण-मसाला सगळा धरून माणशी सात-आठ ग्रॅम! रक्तातली साखर चटकन चढवतो तो रश्श्याच्या शेजारचा भात, पाव आणि भाकरी.

गोवा आपल्याला चोर्ला घाटाएवढा जवळ, त्यामुळे पोर्क म्हटलं की तिकडचेच पदार्थ आधी आठवतात. विंदालू घ्या. त्यातला ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे बरं का! मूळ पोर्तुगीज नावात ‘विन्या’ म्हणजे वाइन आणि ‘आल्यु’ म्हणजे लसूण. बटाटा घुसवला तो पुढे हॉटेलवाल्यांनी. तेव्हा घरी करताना बटाटा खुशाल गाळा. चिमूटभर साखरेची सवय असेल तर तीही. गोव्याची सुकी चोरीस चवीला झकास, पण मीठ फार; रक्तदाबवाल्यांनी तिच्या वाटेला न गेलेलं बरं. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आमसोलं घालून पोर्क करतात, ते तर पथ्यासाठीच जन्मलंय म्हणावं इतकं साधं.

पण आजचा मान मी देणार आहे आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोडगूला. तिथली पंदी करी. आमची सून धारवाडकडची, शाकाहारी घरातली. हे नाव ऐकल्याबरोबर ती म्हणाली, “अत्ते, पंदी म्हणजे आमची हंदीच की!” बरोबर बोलली. जुन्या कन्नडातला ‘प’ पुढे ‘ह’ झाला, कोडव भाषेत तो तसाच राहिला. म्हणून पंदीची हंदी झाली, आणि आंबट या अर्थाच्या ‘पुळी’ची आपल्या ओळखीची ‘हुळी’. या करीचा प्राण असलेल्या ‘काचंपुळी’ या नावातही तीच पुळी आहे. ज्या झाडाला कन्नडात उप्पागे म्हणतात, त्याच्या पिकलेल्या फळांचा रस आटवून आटवून काळा, दाट करतात, ती काचंपुळी. आणि हे झाड कोण? आपल्या कोकमाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं! तेव्हा कोडगूकडून बाटली आणणारं कुणी नसेल तर रविवार पेठेतलं कोकम घ्या. चव तंतोतंत तीच येणार नाही, पण गोत्र जुळेल.

जाता जाता एक इशारा. याच झाडाच्या फळाच्या अर्काच्या ‘वजन उतरवणाऱ्या’ गोळ्या ‘गार्सिनिया’ नावाने विकल्या जातात. त्यांनी वजन म्हणण्यासारखं उतरतं असं सिद्ध झालेलं नाही, उलट काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रश्श्यातली दोन चमचे काचंपुळी वेगळी आणि गोळी वेगळी.

साहित्य (चौघांसाठी): डुकराचं मटण पाऊण किलो (खांद्याचं किंवा मांडीचं, थोडी चरबी असलेलं), कांदे 2 मध्यम, लसूण 12 पाकळ्या, आलं दीड इंच, हिरव्या मिरच्या 4, कढीपत्ता, हळद अर्धा चमचा, तिखट 1 चमचा, मीठ. भाजायचा मसाला : धने 2 मोठे चमचे, मिरे 1 मोठा चमचा, जिरे 1 चमचा, मोहरी अर्धा चमचा, मेथी 8-10 दाणे. आंबटाला : काचंपुळी 2 लहान चमचे, किंवा 8-10 आमसोलं कोमट पाण्यात भिजवून त्यांचा कोळ. तेल नाही, खोबरं नाही, पीठ नाही.

कृती : मटणाचे सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे करा. हळद, तिखट आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवा. आमसोलं वापरणार असाल तर मीठ हात राखून घाला, कारण ती खारवलेली असतात.

तेवढ्या वेळात मसाला भाजा. मंद आचेवर, सतत हलवत, धने गडद तपकिरी, जवळजवळ काळे होईपर्यंत. करपवायचा मात्र नाही. मेथी करपली तर सगळी करी कडू होते. पंदी करीचा काळा रंग येतो तो या भाजण्यातून आणि काचंपुळीतून. गार झाल्यावर कोरडीच पूड करा. कांदा, लसूण, आलं आणि हिरव्या मिरच्या वेगळ्या, जाडसर वाटा.

जाड बुडाच्या पातेल्यात मटण तसंच, तेलाशिवाय घाला. मध्यम आचेवर आधी पाणी सुटेल, ते आटत आलं की चरबी सुटू लागेल. त्या चरबीतच कढीपत्ता आणि वाटण घालून आठ-दहा मिनिटं परता. कच्चा वास गेला की दीड वाटी गरम पाणी ओता, झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजू द्या. घाईच असेल तर कुकरच्या चार-पाच शिट्ट्या, पण मग नंतर उघड्यावर रस्सा आटवून घ्या. बोटाने दाबून तुकडा तुटला की काळा मसाला घाला आणि दहा मिनिटं उकळा. आंबट अगदी शेवटी. त्यानंतर पाचच मिनिटं, आणि गॅस बंद.

शक्य असेल तर ही करी शनिवारी रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. दोन फायदे. मसाला मुरतो, आणि सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली दिसते, ती चमच्याने काढून टाकता येते. साखर सांभाळायची आणि कोलेस्टेरॉल वाढवून ठेवायचं, यात काय शहाणपण? त्याच कारणाने ही करी महिन्यातून दोनदा ठीक, दर दिवसाआड नव्हे.

आता खरा प्रश्न : भाताच्या जागी काय? कोडगूत पंदीबरोबर कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोळे खातात. ते मुलांना द्या. आप्पांच्या ताटात कोबीची पल्ल्या भरपूर वाढा. 400 ग्रॅम कोबी बारीक चिरून, मोहरी, चमचाभर उडदाची डाळ, कढीपत्ता यांच्या फोडणीत घालायचा, झाकण न ठेवता परतायचा, थोडा करकरीत असतानाच उतरवायचा, वरून दोन चमचे ओलं खोबरं. जोडीला काकडीची कोसंबरी, मूगडाळ अगदी नावापुरती, आणि वाटीभर ताक. रश्श्यात काहीतरी कालवल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल तर फ्लॉवर किसून, चार मिनिटं वाफवून घ्या आणि त्यावर रस्सा ओता. करी, पल्ल्या आणि कोसंबरी मिळून माणशी कर्बोदकं 15 ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या भाताच्या 80 ग्रॅमशी ताडून पाहा.

घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच पडताळा. एका रविवारी भातासह, दुसऱ्या रविवारी भाताविना, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी. आमच्या यजमानांचा “भातानं काय होतंय?” हा प्रश्न या दोन आकड्यांनी कायमचा मिटवला. चरबीच्या जेवणाने साखर थोडी उशिरा चढू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी आणखी एकदा पाहिलेलं बरं.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. पहिली औषधाची. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता एकदम भात-भाकरी बंद करू नये. गोळी तेवढीच आणि ताटातला भात गायब, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, भोवळ. आधी फोन करून डोस विचारा, मग ताट बदला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मांस किती खायचं, तेही डॉक्टरांनाच विचारा.

दुसरी स्वच्छतेची. डुकराचं मटण परवाना असलेल्या, ओळखीच्या दुकानातूनच घ्या. मांसात साबुदाण्यासारखे पांढरट फोड दिसले तर ते घेऊच नका. अर्धंकच्चं खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. आत गुलाबी राहणार नाही असं शिजवलं की ती भीती जाते. मेंदूत होणारी गाठ, जिच्यामुळे फिट येतात, ती मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होते. ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून. म्हणून ती शाकाहारी माणसालाही होते. तेव्हा मटण नीट शिजवा आणि कोसंबरीची काकडी-कोथिंबीरही तेवढीच नीट धुवा. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा.

राहता राहिला घरातल्या मनांचा प्रश्न. आपली घरं दुभाषी, तशी दुहेरी चुलीचीही. कुणी खातं, कुणाला वास सोसत नाही. आमच्याकडे पोर्कचं पातेलं, पळी, सुरी ठरलेली. ती दुसऱ्या कशाला लागत नाहीत. सून पंदी खात नाही, पण मसाला तिच्याइतका नेमका कुणी भाजत नाही, आणि पल्ल्या तर तिचीच. जेवायला मात्र सगळे एकत्र. न खाणाऱ्याला आग्रह नाही आणि खाणाऱ्याला टोमणा नाही, एवढं पाळलं की पुरे.

पथ्य टिकतं ते धाकाने नव्हे, चवीने. ताटातला भात गेला तरी माणसाला पंगतीतून उठवू नका. या रविवारी आप्पांचं पान सगळ्यांच्या रांगेत मांडा आणि पहिला तुकडा त्यांनाच वाढा.