धीर हवा की चमत्कार?

दिवाळीच्या अंकात एका ख्रिस्ती मास्तराने भांडण उकरून काढावे, हे काहींना रुचणार नाही. चकलीचा तुकडा तोंडात असताना वाद कशाला, असे ते म्हणतील. पण वाचकहो, ज्या शेजाऱ्यांचा फराळ आमच्या घरी येतो आणि ज्यांच्याकडे आमच्या नाताळच्या करंज्या जातात, त्यांच्यापुढे घरातले बोलायचे नाही, तर मग कुणापुढे बोलायचे?

माझे भांडण दोघांशी आहे. पहिला माझा शाळेतला स्नेही. त्याच्या मते श्रद्धा म्हणजे दुबळ्याची कुबडी. दुसरे एक उपदेशक. त्यांच्या मते श्रद्धा म्हणजे संकटावरचा हुकमी उतारा. तो लागू पडला नाही, तर दोष रोग्याचा! हे दोघे समोरासमोर आले तर एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत. पण चूक दोघांची एकच आहे. माणसाने काही न करता बसून राहण्याची सोय म्हणजे श्रद्धा, अशी दोघांचीही समजूत आहे.

आमच्या सौभाग्यवतींना कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे; रोज इन्शुलीन टोचावे लागते. मागच्या वर्षी एका प्रार्थनासभेत या उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले, "बाई, तुम्ही बऱ्या झालात. आता सुई घ्याल तर तो अविश्वास होईल." तिने सुई बंद केली. मी शेजारी उभा होतो. हे चुकते आहे, हे मला कळत होते. पण चारचौघांत आपल्याला कोणी अविश्वासी म्हणेल, या भीतीने मी गप्प राहिलो आणि त्या भित्रेपणाला मनातल्या मनात 'श्रद्धा' असे गोंडस नाव दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती असंबद्ध बोलू लागली. इस्पितळात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती.

ती वाचली. पण मी डॉक्टरांच्या दारापाशी बाकावर काढलेली ती रात्र विसरणार नाही. उपदेशक आले नाहीत, त्यांचा निरोप मात्र आला, "विश्वास कमी पडला." ते ऐकले आणि मला गेथशेमाने बाग आठवली. तिथे प्रभू येशूलाही घाम फुटला होता. पुढचे दुःख टळावे, असे त्यानेही बापाकडे मागितले होते. ते टळले नाही. मग काय, त्याचाही विश्वास कमी पडला होता? आणि ज्याच्या शुभवर्तमानाचे धडे हे उपदेशक आम्हाला देतात, त्या लूकला पौलाने प्रिय वैद्य म्हटले आहे, हे ते विसरले काय?

आता माझ्या स्नेह्याकडे वळतो. कुबडी म्हणतोस ना? मग पंडिता रमाबाईंकडे पाहा. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. कडेवर तान्ही मनोरमा. तू म्हणशील, बाप्तिस्मा तर 1883 मध्ये झाला. धीर आधीचाच होता. मान्य. पायांत बळ आधीच होते. ते कुठे चालवायचे, हे त्यांना पुढे दिसले. लंडनच्या फुलम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले, शोमरोनी स्त्रीची कथा वाचली, आणि ख्रिस्ताकडे त्यांचे मन ओढले गेले. चमत्कार पाहून नव्हे. माणसांनी माणसांसाठी केलेले काम पाहून!

आणि मग त्या हात जोडून बसल्या काय? 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली. ज्या भुकेने तिचे घर बसवले होते, तिच्याच तोंडातून तिने शेकडो मुली ओढून आणल्या. केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला, मुलींच्या हाताला धंदा दिला. ख्रिस्ती झाली म्हणून ती गोऱ्या सरकारची मिंधी झाली असेल, असे कुणाला वाटत असेल, तर 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेविरुद्ध तिने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले होते, हे त्याने ध्यानात घ्यावे. इंग्लंडातल्या धर्मगुरूंपुढे आणि भगिनींपुढेही तिने आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम थांबले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर ते काम झालेले होते. मित्रा, ही जर कुबडी असेल, तर अशी कुबडी देव प्रत्येकाला देवो!

उपदेशक महाराज, तुम्हालाही एवढेच विचारतो: रमाबाईंची माणसे एकामागून एक गेली, तेव्हा त्यांचा विश्वास कमी पडला होता का? संकट टळले की नाही, यावरून श्रद्धा मोजू नका. संकटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस काय करतो, त्यावरून मोजा.

सौभाग्यवती घरी आल्यावर पुढच्या रविवारी मी त्याच सभेत उभा राहिलो. गुडघे थरथरत होते. जे घडले ते सर्व सांगितले, माझ्या गप्प बसण्यासकट. त्या दिवसापासून काही घरांनी आमच्याशी बोलणे टाकले आहे. टाकोत. पण त्या संध्याकाळी एक म्हातारी आजी हळूच घरी आली आणि तिने विचारले, "मास्तर, मग मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा सुरू करू ना?" बोललो नसतो, तर त्या आजीचे काय झाले असते, या विचाराने मला अजून झोप येत नाही.

आमच्या घरी आता रोज सकाळी एक विधी असतो. सौभाग्यवती प्रार्थना करते, आमेन म्हणते आणि सुई हातात घेते. तिच्या लेखी ही दोन वेगळी कामे नाहीत.

वाचकहो, तुम्हीही अंगणात पणती लावाल. पणती लावली की काळोख आपोआप पळत नाही. तेल घालावे लागते, वात पुढे सारावी लागते, वारा आला तर हाताचा आडोसा धरावा लागतो. तुमचा देव कोणताही असो, तो हात धरायला विसरू नका.