संगणक विभाग नव्हे, सेवा-पथक

शासकीय कार्यालयांतील संगणकीकरणाची चर्चा यंत्रांपासून सुरू होते आणि निविदेपाशी संपते. हे काम कोणी, कोणाच्या शेजारी बसून करायचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे.

प्रचलित रचना सर्वांच्या परिचयाची आहे. नियम धोरणशाखा ठरवते, आज्ञावली संगणक विभाग किंवा बाहेरची कंपनी लिहिते, खर्चाला वित्तशाखा मंजुरी देते. आणि खिडकीवर नागरिकाला तोंड देणारा कारकून यांपैकी कोणत्याच बैठकीत नसतो. प्रत्येक शाखा आपापल्या जागी चोख असते, तरीही अर्ज अडतो, कारण अडलेल्या अर्जाला धनी नसतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रोनाल्ड कोझ आठवतील. बाजारपेठ असताना मुळात उद्योगसंस्था का निर्माण होतात, असा प्रश्न त्यांनी १९३७ च्या निबंधात विचारला होता. बाजारातील व्यवहारालाही खर्च पडतो आणि तो वाचवण्यासाठी माणसे एका छत्राखाली येतात, हे त्यांचे उत्तर. एका शाखेने दुसरीला पाठवलेली टिपणी हाही असाच खर्चिक व्यवहार होय. त्याची किंमत कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. रांगेतला माणूस ती आपल्या वेळेतून चुकवतो.

याला उत्तर परदेशातच शोधायला हवे असे नाही. रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग १९८५ मध्ये नवी दिल्लीत झाला आणि १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तेथे रेल्वेचे अनुभवी अधिकारी आणि संगणकतज्ज्ञ एकत्र काम करू लागले. कोटा, प्रतीक्षायादी, आरएसी यांतील बारकावे एकट्या संगणकतज्ज्ञाला केवळ नियमपुस्तिकेतून उमगणारे नव्हते. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना पूर्वी परतीच्या आरक्षणासाठी तारेवर विसंबावे लागे, हे ज्यांना आठवते त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण पासपोर्ट सेवा केंद्रांचे. २०१० पासून सुरू झालेल्या या केंद्रांत पहिल्या खिडकीवर खासगी कंपनीचे कर्मचारी कागदपत्रे आणि छायाचित्र घेतात. पडताळणी आणि मंजुरीच्या खिडक्यांवर शासकीय अधिकारी बसतात. छत एक, पण निर्णयाचा अधिकार शासनाकडेच. मात्र पोलीस पडताळणी या छताबाहेर, राज्यांच्या हाती आहे. तेथे विलंब झाला तर उत्तम चाललेल्या केंद्राचाही अर्जदाराला उपयोग होत नाही. पथकाची सीमा मंत्रालयाच्या सीमेवर नव्हे, सेवेच्या सीमेवर आखली पाहिजे, हा यातला धडा.

यावर आक्षेप येईल की शाखांची विभागणी गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी केलेली आहे. आक्षेप रास्त आहे. लेखापरीक्षण आणि अंतिम वित्तीय मंजुरी पथकाबाहेरच राहावी. परंतु अर्जात कोणते रकाने असावेत आणि चूक दुरुस्त कशी व्हावी, हे ठरवताना चार शाखांच्या सह्या घेतल्याने प्रामाणिकपणा वाढत नाही, फक्त उत्तरदायित्व पातळ होते. तज्ज्ञांच्या पदोन्नतीची चिंताही खरी आहे. संवर्ग मूळ संस्थेत ठेवून नेमणूक पथकात करता येईल.

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या सेवेसाठी एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली नियम जाणणारा अधिकारी, आज्ञावली लिहिणारा, हिशेब पाहणारा आणि खिडकीवर बसलेला असे सारे असावेत. अर्ज आल्यापासून निकाल हाती पडेपर्यंतचे दिवस हेच त्यांच्या कामाचे माप असावे. प्रमुखाला किमान तीन वर्षे हलवू नये. सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाळ देण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच निर्देश दिले आहेत. जबाबदार अधिकारीच बदलून गेला, तर जाब विचारायचा तरी कोणाला?

नवीन यंत्रे विकत घेता येतात, त्यांना निधीही मिळतो. खुर्च्यांची मांडणी बदलायला पैसा लागत नाही. आपल्या शाखेचा थोडा अधिकार सोडावा लागतो. सुधारणा तेथेच अडते, आणि कस लागायचा तो आम्हा अधिकाऱ्यांचाच.