निर्धाराच्या गावात गोळीची बाजू

राळेगणसिद्धीची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. लष्करातून परतलेले अण्णा हजारे, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, बंद झालेल्या दारूभट्ट्या, श्रमदानातून अडवलेलं पाणी. त्याआधीची एक गोष्टही अण्णांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. तरुणपणी लष्करात असताना जगण्यात अर्थ वाटेना, जीव द्यावा असं मनात आलं, आणि नवी दिल्ली रेल्वे स्टेशनवर विवेकानंदांचं एक छोटं पुस्तक हाती लागलं. त्या पुस्तकाने आपण सावरलो, असं ते सांगतात. सार्वजनिक जीवनातल्या फार थोड्या पुरुषांनी मरणाच्या विचाराबद्दल इतकं उघड बोललेलं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझा आक्षेप या कथेवर नाही, तिच्या वापरावर आहे. घरातलं कुणी महिनोन्‌महिने कोमेजलेलं असलं आणि डॉक्टरांनी उदासीनतेवरची गोळी लिहून दिली, की लगेच ऐकू येतं: अण्णा पुस्तक वाचून उभे राहिले, तुला गोळ्या कशाला? मन खंबीर कर. या एका वाक्यापायी किती गोळ्यांची पाकिटं अर्धवट टाकून दिली जातात!

अण्णांना तेव्हा आजार होता की तो तारुण्यातला वैचारिक कोंडमारा होता, हे ठरवणारे आपण कोण? पण ज्याला डिप्रेशनचा आजार म्हणतात त्यातला माणूस जवळून पाहिला, तर त्याला पुस्तक वाचायला सांगणं किती निष्ठुर आहे हे कळतं. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. कांद्याला पाणी द्यायचंय हे कळतं, पण खाटेवरून पाय खाली येत नाहीत. आवडीची भाजी तोंडात फिरते. चार ओळी वाचल्या की पहिली विसरते. निर्धार करायला जी शक्ती लागते तीच या आजारात जाते. मग त्याला निर्धार कर म्हणायचं, आणि जमलं नाही की दुबळा ठरवायचं?

दुसरा आक्षेप नशाबंदीच्या गावात विशेष जोरात येतो: गोळीची सवय लागते, म्हणजे ही पण नशाच. दारूची ओढ लागते, पेला वाढत जातो. फ्लुओक्सेटीन, सरट्रालिन, एस्सिटालोप्रॅम या गोळ्यांनी तार लागत नाही. त्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि संध्याकाळी मजा म्हणून दोन जास्त कुणी घेत नाही. मग लोकांचा अनुभव खोटा आहे का? नाही. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून सर्रास लिहिलं जातं. यातलं क्लोनाझेपाम खरोखर सवय लावणारं आहे. पाकीट एकच, म्हणून बदनामीही दोघांच्या वाट्याला येते. डॉक्टरला विचारावं, यात झोपेचं औषध मिसळलंय का, आणि ते किती दिवस चालवायचं?

मात्र सवय लागत नाही, एवढं सांगून थांबणारा डॉक्टरही अर्धंच सांगतो. गोळी एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, भडक स्वप्नं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके असा त्रास अनेकांना होतो. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत तो जास्त, फ्लुओक्सेटीनमध्ये कमी, कारण ते शरीरातून हळूहळू जातं. हा त्रास आठवडा-दोन आठवड्यांचा आणि सौम्य असतो, असं वैद्यकशास्त्र वर्षानुवर्षं सांगत राहिलं. काहींचा त्रास तीव्र आणि लांबणारा असतो, हे ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ साली मान्य केलं. पेशंटचं ऐकायला इतका उशीर लागायला नको होता. म्हणून गोळी सोडायची ती मात्रा उतरवत, कित्येक आठवडे, गरज पडली तर महिने घेऊन.

आता गोळीच्या भाबड्या कैवाऱ्यांकडे. मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय, गोळीने ते भरून निघेल, हे वाक्य दवाखान्यात फार सोपेपणाने फेकलं जातं. सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे डिप्रेशन होतं याला ठोस पुरावा नाही, असं जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली सगळा अभ्यास चाळून मांडलं. तेव्हा गोळ्या म्हणजे थोतांड, असा गवगवा झाला. तोही चुकीचा. ही औषधं सिद्धांतातून जन्मलीच नाहीत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं आणि खंगलेली माणसं हसू-बोलू लागली. गुण आधी दिसला, स्पष्टीकरण मागून जोडलं गेलं. ते चुकलं म्हणून गुण नाहीसा होत नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यात ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्ण होते. तपासलेली एकवीसही औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, चाचण्या बहुतांशी आठ आठवड्यांच्या होत्या, आणि बऱ्याच चाचण्यांना पैसा कंपन्यांचा होता. हे सगळं जमेस धरूनही मी म्हणेन, मध्यम ते तीव्र आजारात गोळी नाकारणं हा अन्याय आहे.

धोके झाकून मला गोळीची बाजू लढवायची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. मुलांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन दिसलं, बिनऔषधी गोळीवर २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नाही. पण कॉलेजातल्या पोराला गोळी सुरू केली, तर पहिले काही आठवडे घरच्यांचं लक्ष हवंच. ज्याला पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेलाय, त्याला नुसत्या या गोळीने तो पुन्हा उसळू शकतो. म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं, भ्रम होतो. कामेच्छा मंदावते, आणि याविषयी नवरा-बायको डॉक्टरपुढे बोलत नाहीत, पुरुष तर गुपचूप गोळीच बंद करतात. अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं जास्त प्रमाणात घेतली तर जीवघेणी ठरतात, म्हणून जीव नकोसा झालेल्याच्या हाती महिन्याची पाकिटं देऊ नयेत. आणि त्याहून आधी शेडमधलं कीटकनाशक कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात खरं संकट तिथे आहे.

राहिला सगळ्यात वजनदार आक्षेप: कांद्याचा भाव पडलाय, सोसायटीचं कर्ज थकलंय, गोळीने ते फिटतं का? फिटत नाही. पाणी अडवून माणसांची दुःखं कमी होतात हे राळेगणनेच दाखवलं. पण कर्जामुळे आजारी पडलेला माणूस कर्जमाफीचा फॉर्म भरायलाही उठू शकत नसेल, तर आधी त्याला उठवणं हेही काम आहे. ते नुसत्या गोळीने करावं असंही नाही. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र डिप्रेशनमधल्या माणसांनाही उतार दिला, हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. राळेगणच्याच जिल्ह्यात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवून दाखवलं आहे. शिकवलं तर गावची बाई मनाच्या आजाराचं हे कामही करील.

त्याची सुरुवात झालेलीसुद्धा आहे. आशाताई तिशीपुढच्या माणसांच्या आरोग्य-तपासणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात मनाविषयी प्रश्न आहेत: कशातच रस वाटत नाही का, उदास, निराश वाटतं का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय, ते गावाने ठरवायला हवं. तालुक्याला फ्लुओक्सेटीन कायम मिळेल का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर शाळेच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर लिहिला जाईल का? गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्या घरी कोण जाऊन विचारेल, झोप कशी आहे, मनात काही वाईट येतंय का, गोळी चालू आहे का? कुऱ्हाडबंदीपासून नशाबंदीपर्यंतचे ठराव ज्या गावाने पाळून दाखवले, त्या राळेगणच्या ग्रामसभेने हा ठराव पहिला करावा, आणि त्या दुसऱ्या आठवड्याच्या भेटीला जाणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवावं.