खाऱ्या विहिरीचा इतिहास कोण लिहिणार?

मागच्या महिन्यात अकोट तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो होतो. चहाचा कप हातात देतानाच घरच्या बाई म्हणाल्या, "भाईसाहब, बिनधास्त घ्या, विकतच्या पाण्याचा आहे." खारपाणपट्ट्यात पाहुण्याला हे सांगावे लागते. इथल्या विहिरीच्या पाण्यात चहा टाकला तर कधी दूधच फाटते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मशिदीच्या हौदातले पाणीही तसेच. वुजू समुद्राच्या पाण्यानेही होते, तेव्हा त्याची अडचण नाही, पण कुल्ली करताना नव्या माणसाचे तोंड वाकडे होतेच.

घरात वाद चालला होता तो मात्र मुलीच्या शिक्षणावरून. ती बी.ए. झाली आहे आणि तिला अमरावतीला जाऊन इतिहासात एम.ए. करायचे आहे. पुढे आपल्याच भागातल्या पाण्यावर अभ्यास करीन, असे ती म्हणते. तिच्या अब्बांनी आम्हाला पंच केले. "तुम्हीच सांगा, पाण्याचा अभ्यास इंजिनियर करतो, केमिस्ट करतो. हिस्टरीवाला त्यात काय करणार?" तिथे आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज या सदरात देतो.

सातपुड्यातून निघून पश्चिमेला तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात येतात. काळी, चोपण जमीन, निचरा कमी, आणि खाली क्षारांनी भरलेले पाणी. किडनीच्या आजाराच्या तक्रारी इथून वर्षानुवर्षे येत आहेत. मुलगी द्यायच्या आधी "पाणी कसे आहे?" असे विचारणारे लोकही आहेत. पाण्यात क्षार किती, हे प्रयोगशाळा सांगेल, आणि ते सांगायलाच हवे. पण ते आजच्या पाण्याबद्दल असेल. पन्नास वर्षांपूर्वी गाव कोणत्या विहिरीचे पाणी पीत होते, ते केव्हा सोडले, सोडल्यावर पाणी कुठून आणले आणि ते डोक्यावर कोणी वाहिले, हे कोणत्याच बाटलीतल्या नमुन्यात सापडत नाही. त्यासाठी माणसांना विचारावे लागते आणि जुने कागद वाचावे लागतात. जगातल्या कितीतरी विद्यापीठांत आता इतिहास, भाषा, साहित्य आणि लोकरीती यांच्या अंगाने नद्या, किनारे आणि खाऱ्या जमिनींचा अभ्यास होतो. आपल्याकडे खारे पाणी म्हटले की कोकणातली खाडी आणि खारलँडचे बांध आठवतात. वऱ्हाड आठवत नाही.

खरे तर आठवायला हवे. पूर्णेच्या खोऱ्यात एके काळी विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजी अमलात ते काम बंद पडले. मग १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींपुढे प्रश्न आला की इथे समुद्र कुठून आणायचा? ते अकोल्याजवळच्या दहीहंड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. ज्या पाण्याला आज आपण फक्त शाप म्हणतो, त्याच पाण्याने कधी काळी लोकांना रोजगार दिला आणि एकदा सरकारशी भांडायला साधनही दिले. अकोटहून दहीहंडा काही दूर नाही, तरी त्या दिवशी घरातल्या कोणालाच हे माहीत नव्हते. आम्हालाही वयाच्या चाळिशीनंतरच कळले, हे कबूल करतो.

आता आपल्या घरांपुरते एक सांगतो. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबणासाठी लागणारा माल तिथे मिळतो, असे त्यात लिहिले आहे. हा ग्रंथ फारसीत आहे. अचलपूरला तलावात बांधलेला हौज कटोरा आपण सहलीला जाऊन पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. तिथे पाणी कसे येत होते, हे विचारत नाही. अशा गोष्टींचे कागद कधी फारसीत असतात, कधी उर्दूत, कधी मोडीत. ज्या मुलीला घरात उर्दू मिळाली आणि शाळेत मराठी, तिला यातले निम्मे दार आधीच उघडे आहे. उरलेले दोन-तीन वर्षांच्या मेहनतीने उघडते.

नोकरीचे काय, हा अब्बांचा प्रश्न खोटा नाही. इतिहासात एम.ए. केले की दुसऱ्या दिवशी पगार सुरू होत नाही. नेट-सेट द्यावी लागेल, जमल्यास बी.एड.ही करावे. आणि आमच्या मते तिने पाणी तपासणीचा अहवाल वाचायलाही शिकले पाहिजे, नाहीतर इंजिनियर तिचे म्हणणे ऐकून घेणार नाही.

वाद चालू असताना कोपऱ्यातल्या खाटेवरून नानी बोलल्या. त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या, गोड्या पाण्याच्या गावातून लग्न होऊन इथे आल्या. पहिले वर्ष पाण्यासाठी रडल्या म्हणे. सासूने त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती विहिरीत बादली कशी सोडायची ही. "बारिश के बाद ऊपर का पानी मीठा, नीचे का खारा. बादली हलके से छोडना, डुबाना नहीं." पावसाचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, हेच भूजलाचे जाणकारही सांगतात. पावसाचे पाणी शेततळ्यात वेगळे साठवा, असा सल्ला आज या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना मिळतो, त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. नानींनी ती कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. पुढे बोअर आले, विहिरीवरची गर्दी संपली, आणि सुनेला ही बादली शिकवायची वेळच आली नाही.

नानींचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. परवा त्या मुलीचा फोन आला होता. रोज मगरिबनंतर ती नानींचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करते. गावातल्या सात विहिरींची नावे मिळाली आहेत, त्यातल्या दोन आता बुजल्या आहेत. फॉर्मवर अब्बांनी अजून सही केलेली नाही.