जाहीर आवाहन : सात नंबरचा कॅमेरा बंद, आणि आपण सगळे निवांत

गल्लीतील समस्त रहिवासी, दुकानदार, भाडेकरू आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारापर्यंत जागे असणारे बंधू-भगिनी यांस,

गेल्या मंगळवारी पहाटे दूध घेऊन परतणाऱ्या आपल्या एका आजींच्या गळ्यातली बोरमाळ मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावली. आजी पडल्या, मनगट मोडले. वीस मिनिटांत हवालदार आले. पहिला प्रश्न, "कोपऱ्यावर कॅमेरा आहे ना?" आम्ही मोठ्या ऐटीत त्यांना मंडळाच्या कार्यालयात नेले आणि पडदा सुरू केला. बारा चौकटींपैकी पाच काळ्या. नेमक्या त्या कोपऱ्याच्या, म्हणजे सात नंबरच्या चौकटीत ‘नो व्हिडिओ’. यंत्राचा लॉग उघडला, तर सात नंबर बंद पडल्याची नोंद धनत्रयोदशीच्या संध्याकाळची! दिवाळी होऊन किती महिने झाले ते ज्याने त्याने मोजावे. हवालदार वही मिटून निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तरी बरे वाटले असते.

त्याच संध्याकाळच्या बैठकीत काय ठरू लागले? "सगळे कॅमेरे भंगारात काढा, नवे बसवा, घरटी हजार काढा." टाळ्याही पडल्या. म्हणून हे पत्रक.

हे कॅमेरे आले कुठून, ते विसरलात? आसपासची मंडळे स्पीकरच्या भिंती उभारत होती, तेव्हा आपल्या मंडळाने एक वर्ष डीजे रद्द केला, देखावा साधा ठेवला आणि वर्गणीतून हे बारा कॅमेरे बसवले. दुसऱ्या पेठांतले कार्यकर्ते ते पाहायला आले होते. आणि आज त्याच कॅमेऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

बुधवारी रात्री आपली तीन पोरे शिडी आणि टेस्टर घेऊन फिरली. दोन तासांत पाचही कॅमेऱ्यांचा दोष सापडला, तो असा :

7, 8 आणि 9 : गल्लीच्या पलीकडच्या टोकाला पेटीत जो पीओई स्विच (केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आहे, त्याचा प्लग काढून तिथे दिव्यांची माळ लावलेली होती. दिवाळी संपली, माळ निघाली, प्लग तसाच लोंबकळत राहिला. कॅमेरे ठणठणीत.

11 : केबलच्या टोकाच्या आरजे45 कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी. पिना हिरव्या पडलेल्या. नवा कनेक्टर चहाच्या पैशात येतो.

3 : इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. कॅमेऱ्याला नवा आयपी पत्ता मिळाला, एनव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसला.

यासाठी घरटी हजार रुपये?

यापुढे चौकट काळी दिसली की कोणालाही फोन करण्याआधी पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

1. पडद्यावरचा संदेश वाचा आणि वहीत उतरवा. ‘पासवर्ड चुकीचा’ आणि ‘नेटवर्क सापडत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. "दिसत नाही" एवढे सांगून कोणाला काय कळणार?

2. वीज. अंधारात कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती मंद लाल ठिपके दिसले तर वीज पोहोचते आहे. दिवसा भिंगावर हात धरून पाहा. स्विचवर त्या पोर्टचा दिवा लागतो का, तेही पाहा. एकाच पेटीवरचे सगळे कॅमेरे एकदम गेले, तर कॅमेऱ्यांना नव्हे, पेटीला हात घाला.

3. केबल. बंद कॅमेऱ्याची केबल स्विचवरच्या चालू पोर्टात लावा. चित्र आले तर आधीचा पोर्ट खराब. नाही आले तर केबल, कनेक्टर किंवा कॅमेरा. मग दुसऱ्या चांगल्या केबलने तोच कॅमेरा स्विचजवळ लावून पाहा. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत 100 मीटरच्या वर केबल ओढू नये. आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल तर नकोच, लांबवर तिच्यातून वीज पुरी पडत नाही.

4. पत्ता. राउटर बदलला, इंटरनेट कंपनी बदलली, की प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता तपासा. एका पत्त्यावर दोन यंत्रे आली तरी चित्र जाते. कॅमेऱ्यांना कायमचा पत्ता द्या आणि तो वहीत लिहा.

5. पासवर्ड. कॅमेऱ्यात बदलला तर एनव्हीआरमध्येही बदला. चारदा चुकीचा टाकू नका, बरीच यंत्रे काही वेळासाठी कुलूप लावून घेतात.

6. मोबाईलवर चित्र दिसते, पण संगणकावर नाही? मग कॅमेरा शाबूत आहे. चित्र एच.265 मध्ये असेल तर काही ब्राउझरना ते उलगडत नाही. एच.264 करून पाहा.

7. रीसेटचे बटण सर्वांत शेवटी. उतावीळपणे ते दाबले की पत्ता आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातात आणि साधा दोष मोठा होऊन बसतो.

आणखी एक. थेट चित्र दिसते म्हणजे ते साठते आहे असे नाही. एक कॅमेरा 4 एमबीपीएसने चालला तर दिवसाला सुमारे 43 जीबी लागतात. बारा कॅमेऱ्यांचे झाले 500 जीबीच्या वर. आपली हार्ड डिस्क 4 टीबीची, म्हणजे आठवडाभरात जुन्यावर नवे चढते. दहा दिवसांनी "माझी सायकल गेली, फुटेज द्या" म्हणून येऊ नये. यंत्राचे घड्याळही बरोबर हवे, नाहीतर चोर सापडेल आणि वेळ खोटी ठरेल. शिवाय फुटेज न्यायालयात टिकवायचे तर मूळ यंत्र हजर करा किंवा प्रमाणपत्र द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये आपल्याच जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात बजावले आहे. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. मोबाईलने पडद्याचा फोटो काढून पाठवणे म्हणजे पुरावा नव्हे!

बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शाळांना कॅमेरे बसवायला सांगितले, तेव्हा चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासायलाही सांगितले. शाळांना जमावे आणि आपल्याला जमू नये?

काहींचे आक्षेप आमच्या कानावर आले आहेत. "आम्हाला त्यातले कळत नाही." यूपीआय कळते, क्रिकेटचे ॲप कळते, आणि लोंबकळणारा प्लग कळत नाही? "वार्षिक देखभालीचा करार आहे ना!" आहे. देखभालवाला बोलावल्यावर येतो. बोलवायला आधी कोणीतरी पडदा बघावा लागतो. "आमच्या गॅलरीत कॅमेरा डोकावतो." तो भाग झाकून टाकण्याची सोय यंत्रात आहे, सांगा, पाच मिनिटांत करू. मात्र पासवर्ड सर्वांना द्या म्हणणाऱ्यांना स्पष्ट नकार. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रे फेब्रुवारी 2025 मध्ये बाजारात विकली गेल्याचे उघड झाले, आणि तिथला पासवर्ड ‘ॲडमिन123’ असल्याचे पुढे छापून आले. आपला बुधवारीच बदलला आहे.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता मंडळाच्या कार्यालयात जमावे. प्रत्येक इमारतीने एक नाव द्यावे. त्या माणसाने आपल्या पाळीच्या आठवड्यात रोज दोन मिनिटे पडदा पाहायचा, मागच्या रात्रीचे थोडे चित्रण लावून बघायचे आणि वहीत सही करायची. ज्या इमारतीचे नाव येणार नाही, तिचे नाव फलकावर लागेल. विजेच्या पेट्यांना कुलूप बसेल, किल्ली चिटणिसांकडे. वर्गणीचा एक पैसाही नको, वेळ हवा.

आजींचा हात प्लास्टरमध्ये आहे. त्यांना भेटायला जाणाऱ्यांनी "कॅमेऱ्यात काही दिसलं का?" हा त्यांचा प्रश्न ऐकायची तयारी ठेवून जावे.

आपले नम्र,
सुरक्षा समितीच्या वतीने चिटणीस

ता. क. : माळेसाठी प्लग कोणी काढला ते आम्हाला कळले आहे. नाव छापत नाही. रविवारी शिडी त्यांनीच धरायची आहे.