समाधान आणि कुंडलिकेचें पाणी

उन्हाळ्यांत कोंकणांतील पुष्कळशा नद्या आटून पात्रांत नुसते धोंडे उरतात. परंतु आमच्या कोलाडची कुंडलिका भर वैशाखांतही वाहत असते. सकाळीं भिऱ्याच्या वीजगृहांतून पाणी सुटलें कीं मुंबई-पुण्याची मंडळी रबरी होड्या घेऊन तींत उतरतात, आणि पाणी ओसरलें म्हणजे त्या होड्या काठावर पडून राहतात. आपलें समाधानही बहुधा असेंच असतें. परीक्षेंत गुण मिळाले, शेजाऱ्यासारखी गाडी दारांत आली, कीं मन तरंगूं लागतें. नाहीं तर काठावर!

ख्रिस्ती धर्म ज्या समाधानाविषयीं सांगतो तें या जातीचें नव्हे. प्रेषित पौलानें बंदिवासांतून फिलिप्पै येथील मंडळीस पत्र लिहिलें. भरपूर असो वा ददात असो, दोहोंतही तृप्त राहावयास आपण शिकलों आहों, असें तो तींत कळवितो. तो 'शिकला', ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. जन्मतः त्यास तें येत नव्हतें.

येथेंच उपदेश संपवितां आला असता, व पुष्कळ जण तो येथेंच संपवितात. परंतु कुंडलिकेचें तें पाणी येतें कोठून? तें मुळशीच्या धरणाचें. घाटमाथ्यापलीकडे मुळा नदी अडवून तिचें पाणी भिऱ्यास उतरविलें, आणि १९२७ सालीं तेथें वीज होऊं लागली. त्यापायीं मुळशी खोऱ्यांतील शेतकऱ्यांचीं भातखाचरें बुडालीं. १९२१ सालीं त्यांनीं सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापटांसारखे पुढारी त्यांस लाभले. तरी धरण झालेंच. त्या शेतकऱ्यांस कोणीं विजेच्या दिव्याखालीं बसून 'समाधान माना' असें सांगितलें असतें, तर तो ख्रिस्ती उपदेश ठरला असता काय? आमच्या मतें मुळींच नाहीं.

याच फिलिप्पै नगरांत पूर्वीं पौल व सीला यांस चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत टाकिलें होतें. मध्यरात्रीं ते दोघे स्तोत्रें गात होते. सकाळीं त्यांस गुपचूप सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हां पौल जागचा हलेना! आम्हांस उघडपणें मारलें, तर अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन बाहेर न्यावें, असा त्यानें आग्रह धरिला. आणि ते आले. रात्रीं गाणारा व सकाळीं अडून बसणारा मनुष्य एकच होता.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचें तसेंच होतें. स्वतःपुरतें त्यांस साधें पांढरें लुगडें पुरे असे. परंतु १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या इस्पितळांत स्त्रियांची जी आबाळ झाली, तिजविषयीं त्यांनीं वर्तमानपत्रांतून सरकारविरुद्ध उघड तक्रार केली.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मित्रासारखे बूट हवेत म्हणून मुलगा हट्ट धरील, तेव्हां त्यास समाधान अवश्य शिकवावें. पण वर्गांतील एखाद्या दुबळ्या मुलास इतर मुलें छळतात, असें तो घरीं येऊन सांगेल, तेव्हां तें औषध पुढें करूं नये.

शिवाय, समाधानी मनुष्य म्हणजे कोरडा मनुष्य, अशी एक समजूत आढळते. फिलिप्पैकरांनीं एपफ्रदीताच्या हातीं पौलास मदत पाठविली होती. तो बिचारा आजारानें मरणास टेंकला. त्याच पत्रांत पौल लिहितो, कीं देवानें त्यास वांचविलें नसतें तर आपणांस दुःखावर दुःख झालें असतें; आणि त्यास परत पाठवीत आहों, त्याचें आनंदानें स्वागत करा.