शब्दविचार : चेष्टा कोणती आणि छळ कोणता?

इंग्रजी शाळांतून घरीं येणारीं मुलें हल्लीं ‘बुली’, ‘टीझिंग’, ‘रॅगिंग’ असे शब्द सहज बोलून जातात. वडील मंडळींस ते शब्द नवे. म्हणून त्यांतील दुःखही परकें वाटतें, आणि ‘अरे, मुलांची चेष्टामस्करी ती! एवढें मनावर काय घ्यावयाचें?’ असें म्हणून विषय मिटविला जातो. आमच्या मतें चूक येथेंच होते. मूल आपली व्यथा कोणत्या शब्दांत सांगतें आणि घर ती कोणत्या शब्दांत ऐकतें, ह्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. म्हणून ह्या महिन्यांत ह्या शब्दांचाच विचार करूं.

‘बुली’ शब्दाचा इतिहास मौजेचा आहे. सोळाव्या शतकांत तो प्रियकर किंवा जिवलग अशा लाडक्या अर्थानें वापरीत. पुढें त्याचा अर्थ ‘बहाद्दर गडी’ असा झाला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दुबळ्यांस छळणारा दांडगा ह्या अर्थावर तो येऊन ठेपला. टॉमस ह्यूज ह्यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ह्या कादंबरींतील फ्लॅशमन हा असाच दांडगा विद्यार्थी. तरी ह्या वर्तनाची शास्त्रीय चिकित्सा व्हावयास १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला. नॉर्वेंत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस ह्यांनीं ‘बुलिंग’च्या तीन खुणा सांगितल्या : कृत्य जाणूनबुजून केलेलें असतें, तें पुन्हां पुन्हां होतें, आणि दोन पक्षांचें बळ विषम असतें.

ह्या खुणा हातीं असल्या म्हणजे बाकीचे शब्द आपोआप उलगडतात. ‘टीझिंग’ म्हणजे चिडविणें. बरोबरीचे दोघे एकमेकांस चिडवितात, दोघेही हंसतात, आणि एकाचें हंसूं मावळतांच दुसरा थांबतो, ही चेष्टा. एक नेहमींच हंसतो आणि दुसरा नेहमींच मान खालीं घालतो, तें ‘बुलिंग’. मराठींत त्यास छळ, पुंडाई, दांडगाई असे शब्द आहेत. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण तर बळाच्या विषमतेवरच बोट ठेवते. ‘एक्सक्लूड करणें’ म्हणजे खेळांतून किंवा डबा खातांना मुद्दाम वगळणें. त्यास ‘वाळींत टाकणें’ हा आपला जुना शब्द आहे, आणि त्या कृत्याचा अनुभवही आपल्या समाजास पुरेपूर आहे. ‘बायस्टँडर’ म्हणजे बाजूस उभा राहून पाहणारा बघ्या. हाच छळ मोबाईलवरून चालला म्हणजे ‘सायबरबुलिंग’. त्यास घराचें बंद दारही अडवूं शकत नाहीं.

तेव्हां मराठींत शब्दांची वाण नाहीं. प्रश्न इतकाच कीं, कृत्याचें नांव करणारानें ठेवावें कीं सोसणारानें? २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालेल्या आपल्या नगर जिल्ह्यास हा प्रश्न परका नाहीं. नगर येथें मिस सिंथिया फॅरार ह्यांच्या संस्थेंत सावित्रीबाई फुले ह्यांनीं अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा निघाल्यावर त्या रस्त्यानें जात, तेव्हां त्यांच्या अंगावर शेण व दगड फेकले गेले. फेकणारांस तें धर्मरक्षण वाटे. इतिहासानें त्यास छळ म्हटलें. आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घराण्यांनीं तर ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

कायद्यानेंही सोसणाराचीच बाजू धरली आहे. महाराष्ट्रांत १९९९ सालीं रॅगिंगविरुद्ध कायदा झाला. विद्यार्थ्यास भय, लाज वा मनस्ताप होईल असें वर्तन त्यांत येतें. चिडविणें आणि थट्टेखातर फजिती करणें हींही त्यांतून सुटलेलीं नाहींत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आंत संस्थाप्रमुखानें चौकशी करावयाची असते. संगमनेर, अकोले, पाथर्डीकडील आपलीं मुलें लोणी, राहुरी किंवा नगर येथें वसतिगृहांत राहावयास जातात. त्यांच्या ट्रंकेंत कपड्यांबरोबर एवढें ज्ञानही असावें, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी क्रमांकही.

आणखी एक शब्दभेद फार महत्त्वाचा आहे. इंग्रजींत ‘टॅटलिंग’ वेगळें आणि ‘रिपोर्टिंग’ वेगळें. पहिली चहाडी, दुसरी तक्रार. चहाडी दुसऱ्यास अडचणींत आणण्यासाठीं असते, तक्रार कोणास तरी अडचणींतून सोडविण्यासाठीं. पुष्कळ मुलें ‘चहाडखोर’ ह्या एका शब्दाच्या भीतीनें महिनोन्‌महिने मुकाट्यानें सोसतात. हा भेद आजीआजोबांनीं जरी गोष्टीच्या ओघांत समजावून सांगितला, तरी मोठें काम होईल.

घरांतही ह्या तीन खुणा लावून पाहाव्या. एकत्र कुटुंबांत थोरला चुलतभाऊ धाकट्यास त्याच्या रंगावरून किंवा बोबड्या बोलण्यावरून रोज हांक मारतो, आणि माजघरांतील मंडळी हंसतात. येथें हेतु आहे, पुनरावृत्ति आहे, बळाची विषमताही आहे. आणि हंसणारे आपण ‘बायस्टँडर’ आहों. मात्र थोरल्यास ‘तूं बुली आहेस’ असें म्हणून त्याच्या कपाळीं शिक्का मारूं नये. ‘तूं करतोस हा छळ आहे, तो थांबव,’ असें सांगावें. कृत्यास नांव ठेवलें म्हणजे तें सोडावयास वाट राहते. मुलासच नांव ठेवलें म्हणजे तें त्या नांवास जागूं लागतें.

धाकटें मूल बोलूं लागलें, तर प्रथम ऐकून घ्यावें. काय झालें, किती वेळां झालें, ‘थांब’ म्हटल्यावर तो थांबला काय, एवढें शांतपणें विचारावें. तें ‘बुलिंग’ म्हणो वा छळ म्हणो. त्यानें योजलेला शब्द बदलून त्याच्या जागीं ‘चेष्टा’ हा शब्द आपण घालूं नये.